भाऊजींची घामेजलेली भिंत

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, पाण्याविषयी बोलू लागले की समोरच्याने खुर्ची जरा मागे सरकवावी. बुडायला होतं.

नळखात्यात त्यांची उभी हयात गेली. नळखातं म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे चिखलात गुडघाभर उभा राहून पाइप जोडणारा माणूस येईल. त्याला ताबडतोब घालवून द्या. भाऊजींनी पाइप पाहिला तो नकाशावर, आणि तोही घडी घातलेल्या. त्यांचं टेबल तक्रारींचं. लोक येऊन सांगायचे, "साहेब, नळाला पाणी नाही." भाऊजी चष्म्यावरून बघत म्हणायचे, "पाहणी चालू आहे." दुसरा यायचा, "साहेब, पाइप फुटून रस्त्याचा ओढा झालाय." तोच चष्मा, तीच मान, "पाहणी चालू आहे." या एका वाक्यावर हा माणूस निवृत्तीपर्यंत पोचला. आमच्या नाटक मंडळीतही असा एक जण होता. भाला घेऊन उभा राहायचा आणि 'महाराज, दूत आला आहे' एवढंच म्हणायचा. पण तो म्हणायचा तेव्हा दूत खरोखर आलेला असायचा.

निवृत्त झाल्यावर भाऊजी एकाएकी पाण्याचे जाणकार झाले. गल्लीत कुणाची टाकी भरेना, कुणाची मोरी तुंबली, की हे हात मागे बांधून हजर. बघायचे, हुं करायचे आणि "आयुष्यभर पाण्याच्या खात्यात होतो मी," असं सांगून परत यायचे. टाकी रिकामी ती रिकामीच. मोरी तुंबलेली ती तुंबलेलीच. घरमालकाला मात्र मोरीचा वास आणि भाऊजी, दोन्ही सोसावे लागायचे.

असा हा माणूस. त्यांच्याच घराच्या तळघरात पाणी शिरलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला आधी हसूच आलं. मग ताईचा चेहरा पाहिला आणि हसू गिळलं.

ताई पडदे शिवते. खिडक्यांचे नव्हेत, नाट्यगृहांचे. मी ज्या रंगमंचांवर उभा राहिलो त्यांतल्या निम्म्यांचे पडदे तिच्या हातचे. पडदा उघडताना अंगावर एक जाड, मऊ वारा येतो. तो आला की मी पहिलं वाक्य बिनधास्त टाकायचो, कारण तो घरचा वारा होता. तिची कामाची जागा तळघरात. कारण साधं आहे: मखमलीचे लांबच लांब पट्टे पसरायला जे टेबल लागतं ते वरच्या एकाही खोलीत मावत नाही. सुताराने ते तळघरातच जोडलं, त्यामुळे ते आता जिन्यातून वरही येत नाही. टेबल तिथे, म्हणून ताई तिथे. वर जमिनीच्या पातळीला एक आडवी, बुटकी खिडकी आहे. तिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय तेवढे दिसतात. ताई पायांवरून माणूस ओळखते आणि नको असलेले पाय दिसले की मशीन जोरात चालवते.

शहरातलं जुनं नाट्यगृह दुरुस्तीसाठी बंद होतं. ते पुन्हा उघडायचं ठरलं आणि तिथल्या व्यवस्थापकाने दर्शनी पडद्याचं काम ताईला दिलं. तांबडी मखमल, गठ्ठ्यांवर गठ्ठे. आपले खांदे आणि डोळे पाहता इतकं मोठं काम पुन्हा हातून होणार नाही, हे ताई ओळखून होती. मला म्हणाली, "छोट्या, हा पडदा झाला की मशीनला तेल घालून झाकून ठेवते. पण हा माझ्या हातून व्हायला हवा." मला सगळे दात खोटे बसवून झाले, तरी मी तिच्यासाठी छोट्याच.

व्यवस्थापकही सरळ बोलला होता. "बाई, कापडावर डाग दिसला तर मला काम कारखान्याकडे द्यावं लागेल. माझ्याही डोक्यावर माणसं बसलीत."

आणि नेमकी तेव्हाच टेबलामागची भिंत ओली व्हायला लागली. आधी बशीएवढा काळसर डाग. मग परातीएवढा. मग गिलाव्याला पोपडे आले, त्यांवर मिठासारखा पांढरा लोणा फुटला, आणि खोलीला जुन्या ओल्या बुटांचा वास सुटला. मखमल आणि ओल यांचं वैर साप-मुंगसाचं. कापडाची घडी एकदा भिंतीकडून दमट झाली की आत बुरशी बसलीच म्हणून समजा.

भाऊजी खाली आले. भिंतीला बोट लावलं, बोट हुंगलं, रुमालाला पुसलं आणि निकाल दिला.

"घाम आहे."

"कुणाला?" मी विचारलं.

"भिंतीला. भिंतीला घाम येतो, नाटकवाले! आतली हवा दमट, भिंत गार. झाला घाम."

"बाहेरून येत नसेल कशावरून? कुठेतरी पाणी मुरतंय, भाऊजी."

"म्हणजे? संशय घेताय माझ्यावर?"

"अहो, पाणी मुरतंय म्हणजे खरंच पाणी मुरतंय म्हणतोय मी."

"बाहेरून यायला बाहेर पाऊस तर हवा? या, दाखवतो."

आम्ही बाहेर आलो. आभाळ धुतल्या ताटासारखं. भाऊजींनी नळाची तोटी फिरवली, रबरी नळी हातात घेतली आणि पाऊस कसा मुळीच नाही हे मला समजावून सांगत गुलाबांना पाणी घालू लागले. गुलाबांचा हा वाफा म्हणजे त्यांचं निवृत्तीनंतरचं जीवितकार्य. त्याच भिंतीला अगदी चिकटून, विटांचा कठडा बांधून, आत माती भरून भरून त्यांनी तो खिडकीच्या चौकटीपर्यंत चढवला होता. सकाळी नळी, संध्याकाळी नळी. गुलाबांना तहान असो नसो, भाऊजींना पाजायची हौस.

मी वाफ्याकडे बोट दाखवलं. भाऊजी हसले. तक्रारींच्या टेबलावरचं, मुरलेलं हसू.

"गुलाबांचं पाणी गुलाब पितात. नाहीतर मुळं कशाला दिली आहेत त्यांना?"

पालथ्या घड्यावर पाणी, असं आपण म्हणतो. पण पालथ्या घड्यावरचं पाणी निदान ओघळून जातं. इथे ते थेट ताईच्या टेबलामागे जात होतं.

यानंतर भाऊजींनी उपाय सुरू केले. ओल अडवणारा म्हणून एक रंग आणला आणि आतून भिंतीला फासला. आतून! तापाने फणफणलेल्या नटाच्या गालांना लाली लावून त्याला प्रयोगाला उभा करतात, तसला हा प्रकार. प्रयोग निभतो, ताप उतरत नाही. भिंत चार दिवस चकाकली. मग रंगाखाली पाणी साठून फुगे आले. ताईने एका फुग्याला बोट लावलं, तर फटकन फुटून चिळकांडी तिच्या चष्म्यावर. भाऊजी म्हणाले, "रंग पातळ पडला," आणि दुसरा हात मारला. आता फुगे जाड आले.

शेवटी ताईने गवंड्याला बोलावलं. तो आला तेव्हा ती दोरे आणायला बाजारात गेली होती आणि मीही तिच्याबरोबर पिशवी धरायला. घरी एकटे भाऊजी. हा गवंडी म्हणजे तोंडाने भिंत पाडील असा माणूस. सदा घाईत, सदा कुणावर तरी खेकसत. तो खाली गेला, वर आला, बूट घालून सरळ गुलाबांत उतरला, माती उकरून बघितली. भाऊजींनी आरडाओरडा केला तेव्हा वैतागून टेम्पोत जाऊन बसला, इंजिन सुरू केलं आणि त्या घरघराटात ओरडून दोन वाक्यं सांगून निघून गेला.

आम्ही परतलो तर भाऊजी दारातच. छाती पुढे. युद्ध जिंकून आलेला राजा आमच्या नाटकांत असाच उभा राहायचा, पण त्याची छाती निदान खोटी असायची, आत कापूस भरलेली.

"गवंड्यानेही तेच सांगितलं! वाफेचं पाणी आहे म्हणाला. वाफ काढा म्हणाला."

"कसली वाफ?" ताईने पिशवी खाली ठेवली.

"तुझ्या इस्त्रीची! दिवसभर फुसफुस फुसफुस चालू असते. भिंतीला घाम नाही येणार तर काय होणार?"

आणि त्यांनी वाफेची इस्त्री उचलून स्वतःच्या कपाटात ठेवली. कुलूप लावलं. किल्ली खिशात.

मखमलीला इस्त्री टेकवत नाहीत, हे इथे सांगायला हवं. टेकवली की लव बसते आणि कापडावर कायमचा चकाकता चट्टा राहतो. पट्टा उभा धरायचा आणि मागच्या बाजूने नुसती वाफ सोडायची. मग शिवणीच्या सुरकुत्या जातात, लव उठून उभी राहते आणि तांबडा रंग आतून पेटल्यासारखा दिसतो. वाफ नाही तर पडदा नाही. नुसतं गोणपाट.

ताई भांडली नाही. गवंड्यासारखा जाणता माणूस म्हणतो म्हटल्यावर तिलाही वाटलं, असेल बाई, आपल्याच इस्त्रीचं असेल. मला याचा राग जास्त आला. मग सुरू झाली तिची वर-खाली. एकेक पट्टा खांद्यावर टाकून अरुंद जिन्याने स्वयंपाकघरात न्यायचा, किटली उकळायची, चोचीसमोर कापड धरायचं, पुन्हा खाली आणायचा. मखमल ओल्या मेंढीसारखी जड. चार-सहा पट्ट्यांत तिचा उजवा खांदा असा धरला की केस विंचरताना हात वर जाईना.

भाऊजी दरम्यान 'वाफ काढण्याच्या' कामाला लागले होते. त्यांनी खिडकीशेजारी भिंतीला भोक पाडून घेतलं आणि तिथे एक्झॉस्ट पंखा बसवला. भोक बरोबर वाफ्यातल्या मातीच्या वर बोटभर. आता नळीचं पाणी भिंतीतून झिरपत बसायच्या भानगडीत न पडता सरळ पंख्यातून आत येऊ लागलं, आणि पंखा ते सगळ्या खोलीला सारखं वाटू लागला.

"हे काय, भाऊजी?"

"पंखा वाफ ओढतो ना, तिचं पाणी होतं. चांगलं लक्षण आहे. निघतेय."

असा आत्मविश्वास देवाने चांगल्या नटांना का दिला नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

मग एका पट्ट्याच्या घडीत ताईला राखेसारखे ठिपके सापडले. बुरशी. तिने तो पट्टा माझ्यापुढे उलगडला. व्यवस्थापक काम बघायला यायचा होता. तिने मशीनवर कापडाचं आच्छादन टाकलं, आणि ते टाकताना कोपरे नीट खाली ओढले, जसे कायमचं झाकताना ओढतात.

मी बाहेर पडलो. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात भिंतीसाठी काही पावडर-बिवडर मिळते का बघावं म्हणून शिरलो, तर गल्ल्यापाशी तोच गवंडी खिळ्यांवरून दुकानदाराशी हुज्जत घालत उभा. मला बघून म्हणाला, "काय काका, काढला का वाफा तुमच्या साहेबांनी?"

"वाफ ना? पंखा बसवलाय."

"पंखा? वाफ्याला पंखा?" तो दुकानदाराकडे वळला. "ऐकलंस? गुलाबांना उकडतंय म्हणून पंखा बसवला यांनी."

"गुलाबांना नाही हो, खाली. तुम्हीच म्हणालात ना, वाफेचं पाणी आहे, वाफ काढा?"

"वाफ नव्हे, वाफा! वाफा काढा म्हणालो! भिंतीला टेकून मातीचा डोंगर केलाय, दोन वेळा नळी सोडतात, पाणी काय आकाशात जाणार? वाफेशी माझं काय भांडण? मी काय चहावाला आहे?"

दुकानदार खिळे मोजायचे सोडून गल्ल्यावर डोकं टेकून हसत होता. मला हसू येईना. एका कान्याचा फरक, आणि तो भाऊजींच्या कानापाशी गळून पडला होता. तुम्ही म्हणाल, इंजिनाचा आवाज होता, म्हातारा माणूस, चुकला. मुळीच नाही. भाऊजींना ऐकू कमी येत नव्हतं, त्यांना ऐकायची सवय नव्हती. जे आधीच ठरवलेलं असतं तेच त्यांच्या कानात शिरतं. बाकीच्याची पाहणी चालू राहते.

मी धापा टाकत तळघरात पोचलो आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ताई उसळेल. तिने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि म्हणाली, "हे म्हणतात वाफ, गवंडी म्हणतो वाफा. आता भिंतीलाच विचारू."

तिच्याकडे पडदे गुंडाळायचं पारदर्शक प्लास्टिक होतं. त्याचा उशीएवढा तुकडा कापून तिने ओल्या भिंतीवर चपखल बसवला आणि चारी कडांना चिकटपट्टी लावली. हवा आत जाऊ नये म्हणून नखाने घासून घासून. पंखा बंद करून त्याच्या भोकात चिंध्या कोंबल्या आणि भाऊजींना हाक मारली.

"अहो, इकडे या. हवेतली वाफ असेल तर पाणी प्लास्टिकच्या वर जमेल, खोलीच्या बाजूला. बाहेरून येत असेल तर प्लास्टिकच्या मागे जमेल. कबूल?"

भाऊजींनी चष्म्यावरून प्लास्टिककडे पाहिलं. "कबूल. वरच जमणार."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं खाली गेलो. प्लास्टिकची खोलीकडची बाजू खडखडीत कोरडी. ताईने त्यावरून तळहात फिरवला आणि भाऊजींच्या गालाला लावून दाखवला. प्लास्टिकच्या मागे थेंबांच्या धारा, आणि खालच्या कडेला पिशवीत साठावं तसं पाणी.

"बोला," ताई म्हणाली.

"भिंत आतल्या आत घामेजली असेल."

"आतल्या आत!"

"मी पाण्याच्या खात्यात…"

"खात्यात होता. पाण्यात नव्हता. तिथे लोकांच्या नळाला पाणी नव्हतं, इथे माझ्या भिंतीला आहे, आणि दोन्हीकडे तुम्ही नुसते बघत उभे. माझ्या इस्त्रीला कुलूप घातलंत! खांदा गेला माझा. गुलाब तुम्ही हलवता की मी हलवू?"

"गुलाबांना हात लावलास तर बघ!"

"बघते," असं म्हणून ताई वर गेली आणि कुदळ घेऊन बागेत उतरली. डाव्या हाताने, कारण उजवा वर होत नव्हता. मी फावडं घेतलं. भाऊजी खुर्ची घेऊन आले आणि वाफ्यासमोर बसले. आता सत्याग्रह करणार की काय, असं मला वाटलं. पण ते नुसते बसले. पहिला घाव पडला तेव्हा डोळे मिटले.

मी या माणसाची इतकी वर्षं खिल्ली उडवत आलोय आणि पुढेही उडवणार आहे. माझ्या प्रत्येक नाटकाला ते पहिल्या रांगेत बसत आणि पहिल्या अंकात झोपत. तरी त्या वेळी मला एक गोष्ट दिसली. सगळी हयात त्यांनी लोकांना 'पाहणी चालू आहे' सांगितलं आणि त्यापुढे कधी काही घडलं नाही. इथे पहिल्यांदा त्यांनी पाणी घातलं आणि फूल आलं. फुलं चांगलीच होती, नाही म्हणणार नाही. दाट पिवळी, बशीएवढी. माणूस आयुष्यात एकदाच उपयोगी पडला होता, आणि तोही चुकीच्या भिंतीपाशी.

"मुळं… मुळं जपून," भाऊजी म्हणाले.

"मग या ना उठून!" ताई म्हणाली. "का तेही मीच करू?"

आणि भाऊजी उठले. गुडघ्यांवर बसून एकेक झाड मातीच्या गड्ड्यासकट मांडीवर घेऊन त्यांनी सुटं केलं आणि लांबच्या कुंपणापाशी नेऊन लावलं. लावली तीही जेमतेम मातीत, वाऱ्याने डुलतील अशी. पण लावली.

माती उतरल्यावर भिंत उघडी पडली. बागेच्या नळाचा पाइप जिथे भिंतीत शिरतो तिथे बोट जाईल एवढी भेग, आणि तिच्याभोवती चिखलाची ओली खूण. गवंडी आला, चौघांना ऐकू जाईल असा खेकसला, भेग भरली, पंख्याचं भोक बुजवलं, बाहेरून डांबराचा हात दिला आणि माती भिंतीपासून दूर उतरती केली. तळघर वाळायला वेळ लागला. ठिपक्यांचा पट्टा ताईने कापून काढला आणि झालरीसाठी राखलेल्या कापडातून नवा जोडला. व्यवस्थापक आला. त्याने आधी भिंतीला हात लावला, मग मखमलीला, मग नव्या जोडावर चष्मा नेऊन बघितलं. "करा पुरं," एवढंच म्हणाला. तो जिना चढून जाईपर्यंत ताई थांबली आणि मग पायरीवर बसून रडली.

इस्त्री कपाटातून निघाली, पण ताईचा खांदा अजून धरलेला. एका हातात इस्त्री धरली की पट्टा उभा धरायला दुसरं माणूस हवं. मी प्रयत्न केला. माझे गुडघे पाच मिनिटांत नाही म्हणाले. तेवढ्यात खिडकीत पाय दिसले. थांबले. जिन्यावरून उतरले. भाऊजी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहिले आणि त्यांनी मखमलीची किनार दोन्ही हातांत घेतली.

ताईने वाफ सोडली. पांढरा लोट उठला.

"जरा कमी कर ना," भाऊजी म्हणाले. "चष्म्यातून काही दिसत नाही."

"काढून ठेवा. नाहीतरी घालून काय दिसत होतं?"

भाऊजींनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि किनार पुन्हा धरली. वाकडी धरली. ताईने सांगितलं, "डावीकडे वर." त्यांनी उजवीकडे वर केली. तिने पुन्हा सांगितलं.